‘मीच सोडली’ म्हणणारी माणसं

फोन जोडला जातो त्या पहिल्या क्षणी माणूस आमच्याशी बोलत नसतो. बराच वेळ तेच ते संगीत ऐकून त्याने फोन स्पीकरवर टाकलेला असतो, आणि मी ‘नमस्ते’ म्हणायच्या आत मला त्याची खोली ऐकू येते. कुकरची शिट्टी, क्रिकेटची कॉमेंट्री, लेबर कॅम्पमधल्या पाच-सहा जणांची चर्चा, ‘पप्पा, दे पिक्ड अप’ म्हणणारं पोर. मग घाईघाईने घसा खाकरला जातो आणि इस्त्री केलेला वेगळाच आवाज येतो, ‘येस, हॅलो.’

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात बसून मी हे आवाज ऐकते. इथे नोकरी करणाऱ्या जवळपास सगळ्यांना बेरोजगारीचा विमा काढावा लागतो. महिन्याला दोन-चार करक चहाच्या पैशांत तो निघतो, म्हणून बहुतेक लोक काढतात आणि विसरून जातात. नोकरी गेली की आठवण येते. मग अर्ज, मग अर्जाचं काय झालं हे विचारायला फोन, आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला आमच्यासारख्या मुली. निर्णय आम्ही घेत नाही. आम्ही विचारतो, ऐकतो, लिहून घेतो आणि स्क्रीनवर दिसतंय तेवढंच सांगतो.

मी बुजरी आहे. शारजात वाढले, इंग्लिश शाळेत शिकले. घरी आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे, तशी इथली सगळीच मुलं देतात. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझे हात गार पडतात. अशी मुलगी दिवसभर अनोळखी माणसांशी कशी बोलते, हे माझ्या आईलाही कळत नाही. पण फोनवर समोर कुणी नसतं. मला कुणी बघत नाही. हेडफोन लावला की मी फक्त एक आवाज असते, आणि त्या आवाजाला काय बोलायचं हे बरंचसं आधीच लिहून दिलेलं असतं. माझ्यासारखीला याहून सोयीचं काम मिळणार नाही.

वाचकांपैकी कुणाला हा फोन लावायची वेळ आलीच (येऊ नये), तर काही गोष्टी सांगते. आधी अरबी येईल, घाबरू नका. मग इंग्रजी, मग हिंदी-उर्दू. मराठी नाही. ऑफिस उघडल्या उघडल्या लावू नका, तेव्हा सगळेच लावतात. ओळखपत्र हातात ठेवा, कपाटात नको. थांबायला लागलं तर फोन ठेवून पुन्हा लावू नका. तुम्ही रांगेत पुन्हा शेवटी जाता. आणि आम्ही जो एक प्रश्न कागदावरून वाचल्यासारखा विचारतो, तो खरंच वाचूनच विचारलेला असतो, त्याचं उत्तर रेकॉर्ड होतं. ‘तुम्ही स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडलीत, की मालकाने तुम्हाला कामावरून कमी केलं?’

सोडली असेल तर विमा मिळत नाही. काढलं असेल, आणि ते तुमच्या वागणुकीमुळे नसेल, तर काही महिने पगाराचा ठरावीक भाग मिळतो. नियम एवढा सरळ आहे. तरी आपली माणसं याच प्रश्नावर अडतात.

हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. केरळची माणसं या प्रश्नाला भांडायच्या सुरात उत्तर देतात. कंपनीने कसं काढलं, कुणी काढलं, आदल्या दिवशी कुणाला ठेवलं, सगळं सांगतात. फिलिपिनो बायका हळू आवाजात, पण स्पष्ट सांगतात. आणि आडनावावरून मला कळतं की आता आपल्याकडचा माणूस आहे, तेव्हा मी आधीच पेन खाली ठेवते, कारण आता गोष्ट लांबणार असते.

अबू धाबीतल्या रुवैसहून एकदा एका परांची बांधणाऱ्या माणसाचा फोन आला. रिफायनरीतलं काम संपलं तसं कंपनीने त्याच्या अख्ख्या टोळीला घरी बसवलं होतं. गाव खेड तालुक्यातलं. प्रश्न विचारल्यावर तो म्हणाला, “मैंने ही छोड़ा.”

मागून कुणीतरी ओरडलं, “अरे काढलंय ना आपल्याला?”

“गप रे. बाई हाय फोनवर.”

म्हणजे बाईसमोर सांगायचं नाही. मी प्रश्न पुन्हा वाचला. तेवढं आम्हाला करता येतं. उत्तर काय द्यायचं ते सुचवता येत नाही. मागच्या त्या माणसाने शेवटी फोनच हिसकावून घेतला, स्वतःचं आणि त्याचंही सांगून टाकलं, मग मला त्याला समजवावं लागलं की प्रत्येकाने आपापलं सांगायचं असतं. फोन ठेवताना पहिला माणूस पुन्हा लाइनवर आला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही आपल्याकडच्या काय? हिंदीत ‘च’ लावता म्हणून विचारलं.” मी म्हटलं, “सर, और कोई सहायता?” आम्हाला स्वतःबद्दल काही सांगायचं नसतं. तेव्हा तो नियम मला बरा वाटला होता.

उम्म अल कुवैनच्या एका फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यातला एक जण मात्र अडकला तो अडकलाच. मॅनेजरने त्याला म्हटलं होतं, काढलं असं लिहिलं तर पुढे कुणी घेणार नाही, तू आपणहून सोडतोय असं लिही. त्याने लिहून दिलं, वर मॅनेजरला पेढे दिले. त्याच्या बाबतीत मला काही करता आलं नाही, कारण कागदावरही तसंच होतं. तो चिडला नाही. “असू दे, साहेब चांगला होता,” एवढंच म्हणाला. साहेब चांगला होता हे मला अजून पटलेलं नाही.

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहायला घेतला ते आपटे काका. नाव खरं नाही. लिहू का, असं त्यांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, “लिही. नाव बदल, आणि जमलं तर मला दोन इंच उंच कर.” तर आपटे काका पुण्याचे, उंच, एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. आमच्याच भागातल्या एका टॉवरमध्ये राहतात. शनिवारी सकाळी आमची मराठी शाळा भरते, तिथे मी लहान मुलांच्या वर्गाला मदत करते. खरं तर मीही तिथे मराठी शिकतेच आहे. काकांची मुलगी ईरा दहावीत आहे. ती फळ्यावर लिहायला येते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. नीलिमाकाकू पालकांच्या चहाचं बघतात. काका खुर्च्या मांडतात आणि विनोद करतात.

एक दिवस दुपारी स्क्रीनवर त्यांचं नाव आलं.

आवाज तोच, पण विनोद नव्हता. इंग्रजी अगदी घोटीव. मी प्रश्न वाचला. ते म्हणाले, “आय डिसाइडेड टु मूव्ह ऑन.”

माझ्या स्क्रीनवर कंपनीने भरलेली माहिती होती. कामावरून कमी केलं, प्रकल्प बंद. मी प्रश्न पुन्हा वाचला.

“हे बघा,” ते इंग्रजीतच म्हणाले, “कंपनीने तुम्हाला काय कळवलंय ते कळवलंय. तुम्ही त्यावरून ठरवा. माझ्या बाजूने तो राजीनामाच होता.”

म्हणजे विमा हवा होता, तो शब्द नको होता. पण दोन्ही बाजूंचं जुळलं नाही की अर्ज थांबतो, आणि मुदतीत अर्जदाराने स्वतः दुरुस्ती केली नाही तर बंद होतो. हे मी त्यांना सांगितलं. ते ‘नोटेड’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. माझा आवाज त्यांनी ओळखला नाही. शाळेत मी इतकी कमी बोलते की ओळखणार कसा?

ओळखीचा माणूस असेल तर फाइल दुसऱ्या कुणाकडे द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी सुपरवायझरला सांगितलं आणि फाइल शेजारच्या रुखसानाकडे गेली. रुखसाना हैदराबादची. ती फायलींबद्दल बोलायचं नाही हा नियम पाळते, पण स्वतःशी बोलते, आणि मोठ्याने बोलते.

“या अल्ला, फिर वोइच. आय रिझाइन्ड, आय रिझाइन्ड. मियाँ, रिझाइन करे तो हमकू कायकू फोन करे?”

मला कळायचं, कुणाचा फोन होता ते.

शनिवारी नीलिमाकाकू चहा गाळता गाळता मला म्हणाल्या, “काका सोडतायत हं नोकरी. कंटाळले. स्वतःचं काहीतरी करणार म्हणतात. मी म्हटलं, ईराची परीक्षा होऊ दे की आधी. तर म्हणाले, तोवरची सोय आहे.”

तोवरची सोय म्हणजे काय, ते मला माहीत होतं. ती सोय रुखसानाच्या स्क्रीनवर थांबली होती. ती झाली नाही तर घरभाडं द्यायला काही नव्हतं, आणि दहावीचं वर्ष अर्धं टाकून ईराला पुण्याला जावं लागलं असतं. बोर्डाची परीक्षा मध्येच दुसरीकडे नेता येत नाही, हे इथल्या प्रत्येक आई-बापाला ठाऊक आहे. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि मला सांगता येत नव्हतं. ऑफिसात ऐकलेलं घरी बोलायचं नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी लिहून घेतात. मी ते पाळते. नुसती नोकरी म्हणून पाळत नाही. लोक आम्हाला जे सांगतात ते आईलाही सांगत नाहीत.

मी चहा घेतला आणि ‘हो का’ म्हटलं.

आमच्या मराठी शाळेत एक पद्धत आहे. वर्ग संपल्यावर सगळी मुलं आणि पालक एका हॉलमध्ये बसतात आणि कुणीतरी एक जण ‘माझं काम’ यावर दहा मिनिटं बोलतो. डेंटिस्ट येऊन गेले, विमानाची चाकं तपासणारे एक काका येऊन गेले, केक करणाऱ्या मावशी आल्या त्या दिवशी उपस्थिती सर्वांत जास्त होती. शाळा चालवणाऱ्या माने काकू पहिल्या महिन्यापासून माझ्या मागे होत्या. मी दर वेळी काहीतरी कारण सांगायचे. त्या शनिवारी मी आपणहून त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, “पुढच्या आठवड्यात मी बोलू का?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “बरी आहेस ना?”

आठवडाभर मी नीट जेवले नाही. काय बोलायचं ते इंग्रजीत लिहिलं, मग खोडलं. इंग्रजीत सगळं गुळगुळीत होत होतं. नोकरी गेली हे सांगायला इंग्रजीत कितीतरी गाद्या-गिरद्या आहेत, आपण पडलोय हे कळतही नाही. शेवटी मराठीत लिहिलं, चुका झाल्या तर झाल्या.

शनिवारी हॉल भरला होता. काका मागे खुर्च्यांची चवड लावत होते. मी माइकला हात लावला नाही, मुलांच्या जवळ जाऊन उभी राहिले. मुलांची मला भीती वाटत नाही.

मी सांगितलं की मी फोनवर काम करते. कुणाची नोकरी गेली तर ते आम्हाला फोन करतात. एका मुलीने लगेच हात वर केला. “लाइक पोलीस?”

“पोलिसांसारखं नाही. पण घाबरलेले असतात.”

“व्हाय?”

“कारण त्यांना एक वाक्य म्हणायचं असतं, आणि ते म्हणता येत नाही.”

“इज इट डिफिकल्ट मराठी?”

पालक हसले. मी म्हटलं, नाही, सोपं आहे, आपण म्हणून बघू. आमच्या वर्गात नवीन वाक्य आलं की ईरा ते फळ्यावर लिहिते, मी एकदा वाचते आणि मुलं तीनदा म्हणतात. नेहमीचीच पद्धत. मी ईराला वाक्य सांगितलं. तिने मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं, ‘मला नोकरीवरून काढलं.’

मी वाचलं. मुलं ओरडली, “मला नोकरीवरून काढलं!”

पहिल्यांदा सगळा हॉल हसला. एक बाबा म्हणाले, “अरे हळू, माझा बॉस याच बिल्डिंगमध्ये राहतो.” दुसऱ्यांदा हसू कमी झालं. मुलं मात्र रंगात आली होती, सहा-सात वर्षांची पोरं, पुढचे दात पडलेली, पोट पुढे काढून ओरडत होती. तिसऱ्यांदा मागून एक आजी म्हणाल्या, “अगं, शनिवारी सकाळी कसलं अभद्र बोलायला लावतेस लेकरांना?”

मी म्हटलं, “आजी, हे अभद्र नाही. हे न बोलल्यामुळे लोकांचा अर्ज बंद होतो.” आणि मग जे रोज ऐकते ते सांगितलं. कुणाचं नाव नाही, गाव नाही. कंपनीने काढलेलं असतं, आणि आपला माणूस म्हणतो, मीच सोडली. आम्ही पुन्हा विचारतो, तो पुन्हा तेच म्हणतो. आम्हाला त्याच्या तोंडात शब्द घालता येत नाहीत. कंपनीचं आणि त्याचं जुळलं नाही की त्याने स्वतः फोन करून दुरुस्त करावं लागतं, आणि त्याला मुदत असते. चूक सुधारता येते, फक्त सुधारायला ते एक वाक्य म्हणावंच लागतं.

“पण ताई,” एका आईने विचारलं, “काढलं म्हटलं की पुढच्या नोकरीत बघतात ना ते?”

“आमचं रेकॉर्ड पुढच्या कंपनीला कुणी दाखवत नाही.”

“मग लाजायचं कुणाला?”

तिच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ, बँकेतले, फारसे न बोलणारे, जागेवरूनच म्हणाले, “मला काढलंय. दिवाळीनंतर शेवटचा दिवस.” त्यांची बायको खाली बघत होती. माने काकू म्हणाल्या, “अहो, मग सांगायचंत ना, माझ्या भावाच्या कंपनीत घेतायत.” “आत्ता सांगतोय ना,” ते म्हणाले. आणि त्या दोघांचं तिथेच बोलणं सुरू झालं, माझं दहा मिनिटांचं भाषण बाजूला राहिलं. मला बरंच वाटलं.

मी मागे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच आले होते. पण खुर्च्यांचा आवाज थांबला होता, एवढं मला ऐकू येत होतं. आवाज ऐकायची मला सवयच आहे.

नीलिमाकाकूंनी मात्र बघितलं असणार. कारण चहाचे कप गोळा करताना त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, आणि त्या कधी गप्प नसतात. मी खाली पार्किंगमध्ये आले तेव्हा त्यांची गाडी उभी होती, एसी चालू, काचा बंद. ईरा मागे इअरफोन घालून मोबाइल बघत होती. पुढे काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते आणि काकू त्यांच्याकडे वळून बोलत होत्या. मी दुसऱ्या जिन्याने गेले.

मी केलं ते बरोबर की नाही, याचा मी अजून विचार करते. नियम मोडला नाही. एक शब्दही फुटू दिला नाही. पण ते दहा मिनिटांचं बोलणं मी एका माणसासाठी केलं होतं, आणि त्याला ते त्याच्या बायको-मुलीसमोर ऐकावं लागलं. ईराच्या हातून मी ते वाक्य लिहून घेतलं, हे मी मुद्दाम केलं नव्हतं. वर्गात नेहमी तीच लिहिते. तरी फळ्यावरचं तिचं ते गोल अक्षर आठवलं की मला अस्वस्थ वाटतं. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तू सांगितलं नसतंस तर मी मुदत संपेपर्यंत इंग्रजीच बोलत राहिलो असतो.” त्यांनी माफ केलं असं मी समजते.

अर्ज पुढे मंजूर झाला, ईरा इथेच अभ्यास करते आहे. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, सोमवारचं.

सकाळची गर्दी ओसरली होती. रुखसानाला फोन लागला, तिने नेहमीचं ‘नमस्ते, आदाब’ म्हटलं आणि नाव टाइप करताना एकदा माझ्याकडे बघितलं. मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. थोड्या वेळाने तिने म्यूट दाबलं.

“सुन. ये साहब के पीछे से मॅडम बोल रे, ‘नीट सांग, नीट सांग.’ नीट बोले तो क्या?”

“ठीक से,” मी म्हटलं.

“अच्छा.” तिने म्यूट काढलं. “जी सर, मैं सुन रही हूँ. आराम से बोलिए.”

मग तिने तो प्रश्न वाचला, शब्दन्‌शब्द, जसा वाचायचा असतो तसा. वाचून ती थांबली. आमच्या कामात शांतता फार वेळ राहिली की गुण कापतात, म्हणून आम्ही ‘सर, सुन रहे हैं?’ असं काहीतरी विचारून ती भरून काढतो. रुखसानाने काही विचारलं नाही. ती हनुवटीखाली हात ठेवून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने तिला हसू आलं.

“नहीं मॅडम,” ती म्हणाली, “आपका बोलना नहीं चलता. सर को बोलने दीजिए.”

मग सर बोलले.